मिनिटाला सहाशे ठोके

प्रयोगशाळेतल्या प्रौढ उंदराचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम असते आणि त्याच्या हृदयाचे १०० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे तुरीच्या एक-दीड दाण्याइतके. हे हृदय मिनिटाला ५०० ते ६०० वेळा धडधडते. माणसाच्या हृदयाचा एक ठोका पडेपर्यंत उंदराचे सात-आठ पडून गेलेले असतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेत त्याच्या डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या कप्प्याची, रुंदी जेमतेम चार मिलिमीटर भरते आणि एका ठोक्यात ती जेवढे रक्त बाहेर ढकलते, त्याने पाण्याचा एक थेंबही पुरा होत नाही. तरीही अंगात एकूण रक्तच दोन मिलिलिटरच्या आसपास असल्याने ते सगळे सहा-आठ सेकंदांत हृदयातून एकदा फिरून येते. माणसाच्या रक्ताला याच फेरीसाठी सुमारे एक मिनिट लागतो.

इतका फरक असूनही दोन आकडे मात्र जवळपास सारखे निघतात. उंदराचा वरचा रक्तदाब माणसासारखाच १०० ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या घरात असतो. जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, या प्रमाणाला डॉक्टर ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ किंवा नुसते ‘ईएफ’ म्हणतात. तेही दोघांत साधारण ५५ ते ६५ टक्के असते. यंत्र लहान आणि वेगवान आहे, पण घडण एकच आहे. उंदराच्या हृदयावर केलेला अभ्यास माणसाच्या उपयोगी पडतो तो या साम्यामुळे, आणि तो करणे अवघड जाते ते आकार व वेग यांतल्या फरकामुळे.

वजन आणि वेग

प्राणी जितका लहान, तितके त्याचे हृदय वेगवान. सस्तन प्राण्यांत याचा एक ढोबळ नियम आहे: शरीराचे वजन सोळा पटींनी वाढले की ठोक्यांचा वेग निम्म्यावर येतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या प्राण्यांना हा नियम लावून पाहता येतो. शेताच्या बांधातल्या २५ ग्रॅमच्या उंदराला मिनिटाला सुमारे ६०० ठोके पडत असतील, तर भीमाशंकरच्या जंगलातल्या दोन किलो वजनाच्या शेकरूचे सुमारे २०० येतात. शेकरू ही खार असल्याने उंदराच्याच कृंतक गणातली. उसात दडणाऱ्या ५० किलोच्या बिबट्याचे नव्वदच्या आसपास आणि बैलगाडा शर्यतीत धावणाऱ्या ४०० किलोच्या बैलाचे, तो गोठ्यात शांत उभा असताना, पन्नास-पंचावन्न भरतात. हे विश्रांतीतले अंदाजी आकडे आहेत. धावताना, घाबरल्यावर किंवा आजारात ते बदलतात.

लहान प्राण्याला अंगातली ऊब टिकवण्यासाठी वजनाच्या मानाने जास्त ऊर्जा लागते, हे या वेगामागचे एक मोठे कारण. त्यामुळे उंदराचे हृदय भोवतालच्या तापमानावर फार अवलंबून असते. माणसाला सुखाची वाटणारी २२ अंशांची खोली उंदराला थंड लागते. त्याला ३० अंशांच्या आसपासची हवा मानवते. तेवढ्या उबेत ठेवल्यास त्याचे ठोके लक्षणीय उतरतात. तोच उंदीर, तेच हृदय; पण खोली बदलली की आकडा बदलतो. मोजणीच्या प्रत्येक पद्धतीत ही अडचण पुन्हा भेटते.

उंदीरच का?

हृदयविकाराच्या संशोधनात उंदराला मध्यवर्ती स्थान मिळाले ते त्याच्या जनुकांमुळे. उंदरातले एखादे ठरावीक जनुक बंद करण्याचे तंत्र १९८०च्या दशकात विकसित झाले आणि त्याबद्दल मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स व ऑलिव्हर स्मिथिज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘सी-५७ ब्लॅक-६’ या नावाच्या काळ्या उंदराचा वंश अमेरिकेत १९२१ पासून जोपासला गेला आहे. त्यातले सगळे उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखे असतात. याच वंशाचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संशोधनाचा भारतीय माणसाशी थेट संबंध येतो. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात, ‘एमवायबीपीसी-३’मध्ये, २५ अक्षरांचा एक तुकडा गळलेला असण्याचे प्रमाण दक्षिण आशियातील लोकांत सुमारे चार टक्के आहे आणि असा दोष असणाऱ्यांना हृदय निकामी होण्याचा धोका जास्त असतो, हे हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेतील संशोधकांनी इतरांच्या साथीने २००९ मध्ये दाखवले. असा दोष हृदयाचे नेमके काय बिघडवतो, हे पाहण्यासाठी तो उंदरात घडवून त्याच्या हृदयाची ताकद महिनोन्‌महिने मोजावी लागते.

इतर विकारही उंदरात मुद्दाम घडवता येतात. डावी हृदयधमनी बांधून हृदयविकाराचा झटका आणतात. महाधमनीच्या कमानीवर एक बारीक सुई ठेवून भोवती धागा आवळतात आणि मग सुई काढून घेतात. महाधमनीची वाट सुईच्या जाडीएवढीच उरते. माणसात वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड होते, ती अवस्था उंदरात अशा रीतीने काही आठवड्यांत दिसते.

पुढे प्रश्न मोजण्याचा. हृदय किती वेगाने चालते, किती रक्त ढकलते, किती जोराने आवळते आणि आवळल्यानंतर कितपत सैल पडून पुन्हा भरते, हे चार प्रश्न आहेत. एकच उपकरण चारही प्रश्नांना सारखे उत्तर देत नाही.

विजेची रेघ

हृदयाची विद्युत नोंद म्हणजे ईसीजी. डच शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला व्यवहार्य रूप दिले आणि १९२४ चे नोबेल मिळवले. दवाखान्यातल्या ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. मिनिटाला ७५ ठोके असलेल्या माणसाचा एक ठोका त्यावर २० मिलिमीटर जागा घेतो. सहाशे ठोक्यांच्या उंदराचा ठोका अडीच मिलिमीटरमध्ये, म्हणजे कागदावरच्या अर्ध्या मोठ्या चौकोनात आटोपतो. म्हणून उंदराची नोंद संगणकावर घेतात आणि सेकंदाला किमान हजार-दोन हजार मापे टिपतात. जवनिका आवळण्याची खूण असलेली टोकदार लाट उंदरात दहा-पंधरा सहस्रांश सेकंदांत उमटून जाते.

नोंद घेणे तुलनेने सोपे आहे. भूल दिलेल्या उंदराचे चारही पाय उबदार पाटावरच्या धातूच्या चकत्यांवर, वाहक जेल लावून, चिकटवले की रेघ दिसू लागते. वाचताना मात्र माणसाचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. माणसात झटक्याची खूण म्हणून डॉक्टर ज्या ‘एसटी’ भागाकडे आधी पाहतात, तो सपाट भाग उंदराच्या रेघेत वेगळा दिसतच नाही. उंदराच्या हृदयपेशी आवळल्यावर इतक्या झटपट विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर येतात की दोन लाटा एकमेकींत मिसळतात.

ध्वनीने काढलेले चित्र

रोजच्या कामात सर्वाधिक वापरली जाते ती इकोची तपासणी. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने माणसाचे हृदय प्रथम टिपले. माणसाच्या इकोत सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. उंदरासाठी तो दोन ते पाच कोटी कंपनांचा लागतो. कंपने वाढली की चित्र बारीक होते, पण ध्वनी खोलवर जात नाही. उंदराची छातीच इतकी लहान की एक-दोन सेंटिमीटर खोली पुरते. चित्रांचा वेगही वाढवावा लागतो. सेकंदाला ४० चित्रे घेणारे यंत्र माणसाला चालते. उंदराच्या एका ठोक्याच्या वाट्याला त्यातली चारच येतील. त्याच्यासाठीची यंत्रे सेकंदाला दोनशेहून अधिक चित्रे घेतात.

उंदराला भूल देऊन पाटावर उताणे निजवतात, छातीवरचे केस मलमाने काढतात आणि कोमट केलेले जेल लावतात. जेल गार असले तरी शरीराचे तापमान उतरते. मग जवनिकेच्या मधोमध एक रेषा धरून तिच्यावरची भिंतींची हालचाल काळाच्या अक्षावर उलगडतात. भरलेल्या जवनिकेची रुंदी ३.८ मिलिमीटर आणि आवळलेल्या जवनिकेची २.५ मिलिमीटर आली, तर १.३ मिलिमीटरची घट म्हणजे सुमारे ३४ टक्के आकुंचन. पडद्यावरची खूण एका दशांश मिलिमीटरने सरकली तरी हा आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलतो. म्हणून मोजणाऱ्याला कोणता उंदीर औषधाचा आणि कोणता बिनऔषधाचा हे कळू देत नाहीत.

हृदय कितपत सैल पडते हे पाहणे याहून कठीण. जवनिका दोन टप्प्यांत भरते: आधी ती आपोआप रक्त ओढते, मग वरचा कप्पा, म्हणजे कर्णिका, आवळून उरलेले रक्त आत लोटते. डॉप्लर इकोत या टप्प्यांची दोन शिखरे उमटतात. ठोके फार जलद असले की ती एकमेकांत मिसळतात. भूल वाढवून हृदय मंद केले की शिखरे सुटी होतात, पण मग मोजले जाते ते मंदावलेले हृदय.

भुलीची किंमत

उंदीर जागा असताना हातात धरला तर भीतीने त्याचे ठोके सातशेपर्यंत जातात. भूल दिली तर ते उतरतात, आणि किती उतरतील हे औषधावर ठरते. केटामाइन आणि झायलाझिन या जोडीने ते तीनशेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतात, कारण झायलाझिन हृदयाला मंद करते. भारतात बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी पशुवैद्य प्रामुख्याने हीच जोडी वापरतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र असल्याने या परिसराला बेशुद्धीच्या बाणाची ओळख आहे. पन्नास किलोच्या बिबट्याला थोडा वेळ मंद ठोके परवडतात. इकोसाठी पाटावर ठेवलेल्या उंदराचे ठोके निम्म्यावर आले, तर मोजमापच फसते.

म्हणून उंदराच्या इकोत आयसोफ्लुरेन हा हुंगवण्याचा वायू रूढ झाला आहे. त्याचे प्रमाण एक ते दीड टक्क्यावर ठेवले की ठोके ४५० ते ५५० च्या दरम्यान राहतात आणि नळी काढल्यावर उंदीर काही मिनिटांत उठून चालू लागतो. तोच उंदीर दर आठवड्याला पुन्हा तपासता येतो, त्यामुळे एकूण उंदीरही कमी लागतात. सर्व वेळ गुदद्वारातल्या बारीक तापमापकावर लक्ष ठेवून शरीर ३७ अंशांवर राखावे लागते.

दाब आणि जोर

दाब मोजण्याची सर्वांत साधी रीत माणसाच्या दंडपट्ट्यासारखीच आहे. पट्टा फक्त शेपटीला बांधतात. शेपटी उबदार करून तिच्यातला प्रवाह थांबवतात आणि तो पुन्हा सुरू होताना दाब नोंदवतात. उंदराला नळीत शांत बसण्याची सवय होईपर्यंत बरेच दिवस रोज सराव द्यावा लागतो, नाहीतर पट्टा त्याची घबराटच मोजतो.

घबराट टाळण्याचा उपाय म्हणजे शरीरात बसवलेला रेडिओ प्रक्षेपक. काही ग्रॅमचे हे उपकरण शस्त्रक्रियेने कातडीखाली ठेवतात आणि त्याची बारीक नळी मानेतल्या धमनीतून महाधमनीत सोडतात. आठवडा-दहा दिवसांत जखम भरली की उंदीर आपल्या पिंजऱ्यात खातो, झोपतो, फिरतो आणि पिंजऱ्याखालची पाटी त्याचा दाब व ठोके अनेक आठवडे टिपत राहते. रात्री ठोके वाढलेले आणि दिवसा उतरलेले दिसतात, कारण उंदीर निशाचर आहे. एरवी प्रयोगशाळेतली बहुतेक मोजणी माणसाच्या सोयीने, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी होते.

हृदयाच्या जोराचे सर्वांत खोल मोजमाप जवनिकेच्या आत शिरून होते. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक नळी मानेच्या धमनीतून डाव्या जवनिकेत उतरवतात. तिच्या टोकाशी दाब मोजणारा संवेदक असतो आणि बाजूच्या कड्या रक्ताच्या विद्युतवाहकतेवरून आतले रक्त किती हे सांगतात. दाब आणि घनफळ एकमेकांसमोर मांडले की प्रत्येक ठोक्याचा एक बंद फास तयार होतो. हृदयाकडे येणारी मोठी नीला क्षणभर दाबली की रक्त कमी-कमी येते आणि फास लहान होत सरकतात. त्यांच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेचा उतार म्हणजे स्नायूची स्वतःची ताकद, आत येणाऱ्या रक्तावर फारशी न अवलंबणारी. ईएफ हे सांगू शकत नाही. ही तपासणी बहुधा उंदराच्या आयुष्यातली शेवटची असते. ती झाल्यावर त्याला भुलीतच संपवले जाते.

हजार ठोक्यांचा एक ठोका

घनफळ अचूक हवे असेल तर एमआरआय घेतात. माणसाच्या यंत्राचे चुंबकत्व बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचे असते. उंदरांसाठीचे सात, नऊ किंवा त्याहून अधिक टेस्लाचे. तरीही एका ठोक्यात, एक दशांश सेकंदात, संपूर्ण चित्र घेता येत नाही. म्हणून प्रत्येक ठोक्यात चित्राचा थोडा भाग टिपतात, ईसीजीच्या टोकदार लाटेला शून्य वेळ धरतात आणि शेकडो ठोक्यांचे तुकडे एकावर एक बसवून एकच ठोका उभा करतात. श्वासाने छाती हलते ते क्षण वगळतात.

जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथे हीच युक्ती आकाशासाठी वापरली जाते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पल्सार ताऱ्यांचे क्षीण स्पंद टिपतात. एकटा स्पंद बहुधा गोंगाटात बुडालेला असतो. ताऱ्याच्या फिरण्याचा काळ माहीत असला की हजारो स्पंद एकावर एक रचतात. गोंगाट एकमेकांना खोडतो आणि स्पंद उभा राहतो. शंभर स्पंद रचले की गोंगाट दहा पटींनी घटतो. जीएमआरटीने शोधलेला आणि २००४ मध्ये जाहीर झालेला, एनजीसी १८५१ या तारकागुच्छातला पल्सार सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो, म्हणजे उंदराच्या ठोक्याच्या वीसपट वेगाने. फरक एवढाच की पल्सारची लय घड्याळासारखी पक्की असते. हृदयाची लय श्वासागणिक बदलते, म्हणून तिथे प्रत्येक ठोक्याची सुरुवात ईसीजीवरून नव्याने शोधावी लागते.

शरीराबाहेरचे हृदय आणि लाल विंचू

मेंदू, नसा आणि संप्रेरके यांचा प्रभाव वगळून फक्त हृदय पाहायचे असेल, तर ते शरीराबाहेर काढून चालवतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये दाखवलेली ही रीत आजही वापरात आहे. महाधमनीत नळी बसवून ३७ अंशांचे, प्राणवायू मिसळलेले क्षारद्रावण उलट्या दिशेने सोडतात. झडप बंद राहते, द्रावण हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरते आणि सुटे हृदय काही तास ठोके देत राहते.

एखादे विष थेट हृदयावर काम करते की नसांमार्फत, हे अशा प्रयोगातून उमगते. महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या लाल विंचवाचे विष नसांतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, डावी जवनिका थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून ही साखळी ओळखली आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवला. प्रतिविषाची ताकद मात्र आजही उंदरांवर तपासली जाते. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले ‘आयबेरिओटॉक्सिन’ पोटॅशियमची एक विशिष्ट वाट बंद करते. रक्तवाहिन्या आणि हृदयाची लय यांच्या अभ्यासात जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात.

मर्यादा आणि नियम

उंदराच्या हृदयावरून माणसाबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष खरा ठरत नाही. हृदयपेशीतल्या कॅल्शियमवर लगाम ठेवणारे फॉस्फोलॅम्बान हे प्रथिन उंदरातून काढून टाकले, तर हृदय अधिक जोमाने चालते, असे १९९४ मध्ये दिसले. तेच प्रथिन जन्मतः नसलेल्या माणसांचे हृदय मात्र फुगून निकामी झाल्याचे २००३ मध्ये नोंदवले गेले. स्नायू आवळणारे मायोसिन हे प्रथिन उंदराच्या हृदयात वेगवान प्रकारचे असते, माणसाच्या हृदयात प्रामुख्याने संथ. सहाशे ठोक्यांच्या हृदयाला फार राखीव वेग उरलेला नसतो. माणसाचे साठ ठोके धावताना तिप्पट होऊ शकतात.

भारतात असे प्रयोग १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ च्या नियमांखाली येतात. संस्थेची नोंदणी केंद्रीय समितीकडे असावी लागते. ‘सीपीसीएसईए’ या नावाने ओळखली जाणारी ही समिती आता ‘सीसीएसईए’ म्हणवते. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आधी मान्यता लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रे यामागे आहेत: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि वेदना कमी करावी. अचूक मोजणीने दुसरे सूत्र आपोआप पाळले जाते, कारण माप जितके कमी डळमळते, तितके कमी उंदीर पुरतात.

म्हणूनच ‘ईएफ ६० टक्के’ एवढाच लिहिलेला निष्कर्ष अर्धा असतो. मोजताना ठोके किती होते, शरीराचे तापमान किती होते आणि भूल कोणती होती, या तीन नोंदी शेजारी असल्या तरच तो आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.